दहा चिंचोक्यांत अंतराळप्रवास

न्यूटनचा गतीविषयक पहिला नियम तुम्हांला नक्कीच पाठ असेल. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले पहिलेच प्रकरण ‘गतीचे नियम’ हे आहे. बाहेरून बल लावले नाही, तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, सरळ रेषेत चालतच राहते. परीक्षेत हा नियम बहुतेक सर्व जण बरोबर लिहितात. परंतु तो आपल्याला खरोखर पटलेला असतो काय?

धाराशिवहून तुळजापूरला निघालेल्या एस.टी. गाडीचे उदाहरण घ्या. चालकाने इंजिनाचा जोर कमी केला, की गाडी आपोआप मंदावते. वळण आले की चाक फिरवायचे, गाडी वळते. ब्रेक दाबला की ती थांबते, आणि थांबण्यासाठी वेगळे डिझेल जाळावे लागत नाही. लहानपणापासून आपण हेच पाहत आलो. त्यामुळे वस्तू चालती ठेवण्यासाठी तिला सतत ढकलावे लागते आणि ढकलणे थांबवले की ती थांबते, अशी आपली मनोमन समजूत झालेली असते. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलनेही असेच मानले होते. म्हणजे गंमत अशी, की उत्तरपत्रिकेत आपण न्यूटनचा नियम लिहितो, पण आपले हात मात्र ॲरिस्टॉटलचे ऐकतात!

अंतराळात ही समजूत चालत नाही. तेथे रस्ता नाही, चाकांचे घर्षण नाही, ब्रेक नाही. म्हणूनच अंतराळयान चालवण्याचा कोणताही चांगला खेळ नवशिक्याला पहिल्या दिवशी अवघड जातो. असा एक खेळ आज आपण शिकू या. त्याला संगणक लागत नाही. चौकटींची गणिताची वही किंवा आलेखाचा कागद, एक पेन्सिल आणि प्रत्येक खेळाडूला दहा चिंचोके एवढे साहित्य पुरे.

खेळाचे कुळ

हा खेळ काही अगदी नवा नाही. १९६२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘पीडीपी-१’ नावाच्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. त्यात पडद्याच्या मध्यभागी एक तारा असे आणि त्याची ओढ दोन्ही खेळाडूंच्या यानांवर सतत चालू असे. जो त्या ओढीचा उपयोग करून घेई तो जिंके. जो तिच्याकडे दुर्लक्ष करी तो ताऱ्यात जाऊन पडे.

पुढे १९७३ च्या जानेवारीत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या गणिती करमणुकीच्या सदरात आलेखाच्या कागदावर खेळायच्या मोटारशर्यतीची ओळख करून दिली. त्याच वर्षी ‘ट्रायप्लॅनेटरी’ हा अंतराळातील डावपेचांचा पटावरचा खेळ निघाला. त्यात प्रत्येक यानाचा वेग बाणाने काढून दाखवावा लागे. अलीकडे, २०११ साली, मेक्सिकोतील एका कंपनीने ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा संगणकावरचा खेळ लोकांपुढे आणला. नवख्या खेळाडूंना थोडे सोपे जावे म्हणून त्यातील ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर ठेवली आहे, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी. तरीसुद्धा त्या ग्रहाभोवती यान फिरते ठेवायला शिकण्यात नवशिक्याची बरीच याने खाली येतात!

या सर्व खेळांचे मूळ सूत्र एकच आहे, आणि ते आपल्या वहीतही पुरेपूर उतरते.

चार नियम

१. वहीतील उभ्या-आडव्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात, ते बिंदू म्हणजे यान उभे राहण्याच्या जागा.

२. मागच्या पाळीत यान जितक्या चौकटी आणि ज्या दिशेने सरकले, तितकेच आणि त्याच दिशेने ते या पाळीतही सरकते. यासाठी काही खर्च नाही. (हाच न्यूटनचा पहिला नियम!)

३. वेग बदलायचा असेल तर इंजिन चालवावे लागते. पूर्व-पश्चिम दिशेतील वेग एका चौकटीने वाढवायला अथवा कमी करायला एक चिंचोका पडतो. उत्तर-दक्षिण दिशेतही तसेच. एका पाळीत प्रत्येक दिशेसाठी जास्तीत जास्त एकच चिंचोका वापरता येतो. वापरलेला चिंचोका परत मिळत नाही.

४. मुक्कामाच्या बिंदूवरून नुसते पुढे निघून जाणे म्हणजे पोहोचणे नव्हे. त्या बिंदूवर वेग शून्य झाला पाहिजे.

चौथा नियम वाचताना विशेष वाटत नाही. पण सारी मेख त्यातच आहे.

पहिला डाव

समजा, मुक्काम पूर्वेला बरोबर १२ चौकटींवर आहे. यान थांबलेले आहे आणि हाताशी दहा चिंचोके आहेत. नवशिका खेळाडू काय करतो? तो दर पाळीला वेग वाढवतो. पहिल्या पाळीत १ चौकट, दुसरीत २, तिसरीत ३, चौथीत ४. चार पाळ्यांत तो दहाव्या चौकटीवर पोहोचतो. मुक्काम दोनच चौकटी दूर! आता तो वेग कमी करू लागतो. परंतु पाचव्या पाळीत यान ३ चौकटी जाते, म्हणजे तेराव्या बिंदूवर. मुक्काम मागे पडला. पुढे २, मग १, असे करत ते सोळाव्या बिंदूवर जाऊन थांबते. चार चिंचोके वेग घेण्यात आणि चार तो मोडण्यात गेले.

आता उरले दोन. मागे चार चौकटी यायचे आहे. एक चिंचोका खर्च करून यान १ चौकट मागे येते, दुसरा खर्च करून २ चौकटी. ते आता तेराव्या बिंदूवर आहे आणि त्याचा वेग आहे मागच्या दिशेने २. चिंचोके संपले! पुढच्या पाळीत ते अकराव्या बिंदूवर, मग नवव्या, मग सातव्या. आता हे यान थांबणार नाही. वही संपेल, टेबल संपेल, पण प्रवास संपणार नाही. न्यूटनचा पहिला नियम पाठ करताना ‘चालतच राहते’ या दोन शब्दांचा अर्थ एवढा भयंकर असेल, असे कोणाला वाटते काय?

आता तोच डाव विचार करून खेळू. वेग असा ठेवा : १, २, ३, ३, २, १. बेरीज करून पाहा, बरोबर १२ येते. शेवटी उरलेला १ चा वेग एक चिंचोका खर्चून शून्य केला, की मुक्कामी पोहोचलो. खर्च किती? वेग घ्यायला तीन आणि मोडायला तीन, एकूण सहा. चार चिंचोके अजून शिल्लक आहेत.

शेवटाकडून सुरुवात

दोन्ही खेळाडूंत फरक कोठे पडला? पहिल्याने ‘मी लवकर कसा पोहोचेन?’ एवढाच विचार केला. दुसऱ्याने आधी विचारले, ‘मी थांबणार कसा?’

थांबायला किती जागा लागते, याचा हिशेब सोपा आहे. वेग ४ असताना थांबायला सुरुवात केली तर यान ३ + २ + १ = ६ चौकटी पुढे जाते. वेग ३ असेल तर २ + १ = ३ चौकटी. वेग ५ असेल तर १० आणि वेग ६ असेल तर १५. या १, ३, ६, १०, १५ म्हणजे तुमच्या ओळखीच्या त्रिकोणी संख्याच. वेग तिनावरून सहावर, म्हणजे दुप्पट झाला, पण थांबण्याचे अंतर तिनावरून पंधरावर, म्हणजे पाचपट झाले! वेग आणखी मोठे घेत गेलात, तर दुप्पट वेगाला जवळजवळ चौपट अंतर लागते असे आढळेल. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम सूत्र न घोकता असा हाती लागतो.

म्हणून प्रत्येक पाळीला वेग वाढवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : या नव्या वेगाने पुढे गेल्यावर थांबण्यापुरती जागा आणि थांबण्यापुरते चिंचोके उरतील काय? ‘नाही’ असे उत्तर आले तर हात आवरा.

आता आणखी एक हिशेब पाहू. त्याच १२ चौकटींसाठी फक्त २ चिंचोके वापरले, म्हणजे वेग सतत १ ठेवला, तर १२ पाळ्या लागतात. ४ चिंचोके वापरून वेग २ पर्यंत नेला तर ७ पाळ्या (१, २, २, २, २, २, १). आणि ६ चिंचोके वापरले तर ६ पाळ्या. पहिल्या दोन जादा चिंचोक्यांनी पाच पाळ्या वाचवल्या. पुढच्या दोहोंनी मात्र एकच! घाईची किंमत अशी चढत जाते. कोणत्या वेळी ती मोजायची आणि कोणत्या वेळी धीर धरायचा, हे ठरवणे म्हणजेच डावपेच.

वळणाचेही असेच आहे. यान पूर्वेला ३ च्या वेगाने चालले असताना उत्तरेकडे नाक करून इंजिन चालवले, तर ते उत्तरेला वळत नाही, तिरपे जाऊ लागते. पूर्वेचा वेग कोठेही गेलेला नसतो. खरोखर उत्तरेला जायचे असेल तर तीन चिंचोके पूर्वेचा वेग मोडायला आणि तीन उत्तरेचा वेग घ्यायला हवेत. घाटातल्या वळणावर एस.टी. वळते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. वहीतल्या यानाला ती सोय नाही.

ग्रहाची ओढ

चार-सहा डाव सरळ खेळून हात बसला, की पटावर एक ग्रह मांडा. आरंभबिंदूवर, म्हणजे (०, ०) वर, एक ठळक टिंब काढा. त्याच्या सभोवतीचे आठ बिंदू हे ओढीचे बिंदू. त्या प्रत्येकापासून ग्रहाकडे एक छोटा बाण काढा. नियम असा : पाळी संपताना यान ओढीच्या बिंदूवर असेल, तर पुढच्या पाळीत त्याच्या वेगात त्या बाणाएवढी भर आपोआप पडते. त्यासाठी चिंचोका लागत नाही, आणि ती नाकारताही येत नाही.

आता (१, ०) या बिंदूवर यान थांबवून ठेवा. पुढच्या पाळीत काय होईल? बाण ग्रहाकडे आहे, म्हणून यान सरळ ग्रहावर आदळेल. मग ग्रहाजवळ राहायचे कसे? थांबून नव्हे, तर चालत राहून!

यान (१, –१) वरून एक चौकट वर सरकून (१, ०) वर आले आहे, असे समजा. त्याचा वेग वरच्या दिशेने १ आहे. ग्रहाची ओढ त्यात डावीकडे १ मिळवते. म्हणून पुढच्या पाळीत ते एक डावीकडे व एक वर, म्हणजे (०, १) वर जाते. तेथे ओढ खालच्या दिशेने आहे. ती वरचा वेग खाऊन टाकते. उरतो फक्त डावीकडचा १. यान (–१, १) वर जाते. याप्रमाणे पेन्सिलीने पुढे चालवा. यान (–१, ०), (०, –१), (१, –१) या बिंदूंवरून फिरून पुन्हा (१, ०) वर येते, आणि वेगही पुन्हा पहिल्याइतकाच! सहा पाळ्यांत एक प्रदक्षिणा झाली आणि एकही चिंचोका खर्च झाला नाही. आता हे यान दिवसभर असेच फिरत राहील.

कक्षा म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने क्वचितच सांगता येईल. यान प्रत्येक पाळीत ग्रहाकडे पडतच असते. पण त्याच वेळी ते बाजूलाही सरकत असल्यामुळे दर वेळी त्याचा ग्रहाला धक्का चुकतो. दहावीच्या ‘गुरुत्वाकर्षण’ या प्रकरणातील उपग्रहाची गती ती हीच.

खऱ्या जगात ग्रहाची ओढ आठच बिंदूंपुरती नसते. ती दूरवर पोहोचते आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. शिवाय इंधनालाही वजन असते. ते जळत जाईल तसतसे यान हलके होते. आपला पट या बाबतींत ढोबळ आहे. परंतु त्याचा धडा खोटा नाही, हे आता पाहू.

मंगळयानाचे चिंचोके

एक यान दुरून, सरळ वरच्या दिशेने १ च्या वेगाने येत आहे. ते (१, –३), (१, –२) असे करत (१, –१) वर पोहोचले. येथे काहीच केले नाही तर काय होते? ग्रहाची ओढ त्याचा वेग वाढवते, त्याला आतल्या बाजूला वळवते, ते (०, १) वर येते, आणि तेथून तिरप्या दिशेने (–१, २), (–२, ३) असे कायमचे निघून जाते. ग्रह भेटला, पण मुक्काम झाला नाही. मात्र (१, –१) वर असतानाच दोन चिंचोके खर्च करून (एक उजवीकडे आणि एक खाली) ओढीने दिलेला जादा वेग मोडला, तर यान (१, ०) वर जाते आणि वर सांगितलेल्या कक्षेत अलगद बसते. एक पाळी आधी किंवा एक पाळी नंतर हेच केले, तर उपयोग नाही.

हा प्रसंग आपल्या देशाने प्रत्यक्ष अनुभवला आहे. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाले. त्याचे वजन सुमारे १३४० किलोग्रॅम होते, आणि त्यापैकी सुमारे ८५० किलोग्रॅम नुसते इंधन! हे यान एकदम मंगळाकडे गेले नाही. पृथ्वीभोवती लंबवर्तुळाकार फेऱ्या घेत, दर वेळी पृथ्वीच्या जवळ आल्यावर थोडे इंजिन चालवून त्याने आपली कक्षा टप्प्याटप्प्याने मोठी केली आणि १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीचा निरोप घेतला. मध्ये ११ नोव्हेंबरला एक टप्पा अपुरा पडला. कक्षेचे दूरचे टोक सुमारे एक लाख किलोमीटरपर्यंत न्यायचे होते, ते ७८ हजारांपर्यंतच गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजिन चालवून ती उणीव भरून काढली. हाताशी राखलेले चिंचोके असतील, तरच असे करता येते.

पुढे दहा महिन्यांनी, २४ सप्टेंबर २०१४ रोजी, मंगळाजवळ पोहोचल्यावर इंजिन सुमारे २४ मिनिटे चालवले. कशासाठी? पुढे जाण्यासाठी नव्हे, वेग कमी करण्यासाठी! ते इंजिन सुमारे तीनशे दिवस बंद होते. दोन दिवस आधी चारएक सेकंद चालवून त्याची फक्त चाचणी घेतली होती. त्या सकाळी ते चालले नसते, तर आपले यान मंगळाला ओझरता नमस्कार करून निघून गेले असते. परंतु ते चालले, आणि २०२२ साली संपर्क तुटेपर्यंत यानाने मंगळाची साथ सोडली नाही. थांबण्याचे इंधन निघण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवले होते, हे या यशामागचे साधे गणित.

गाठायचे असेल तर खाली उतरा

एक गोष्ट मात्र आपल्या छोट्या पटात बसत नाही. तीत तर भलेभले फसले आहेत. समजा, दोन याने पृथ्वीभोवती एकाच कक्षेत, एकामागून एक फिरत आहेत. मागच्याने पुढच्याला कसे गाठावे? आपण म्हणू, वेग वाढवावा. ३ जून १९६५ रोजी ‘जेमिनी-४’ या यानातून जेम्स मॅक्‌डिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्यासाठी असेच केले. त्याच्या रोखाने इंजिन चालवले, की तो टप्पा आणखी दूर जाई! बरेचसे इंधन खर्ची पडल्यावर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. ते निष्णात वैमानिक होते, पण या खेळात त्या दिवशी सारेच नवशिके होते.

असे का होते? वेग वाढवला की यान वरच्या, मोठ्या कक्षेत जाते. मोठ्या कक्षेत फेरीला वेळ जास्त लागतो, म्हणून ते मागे पडते. याउलट वेग किंचित कमी केला तर यान खालच्या कक्षेत उतरते, तेथे फेरी लवकर पुरी होते आणि ते पुढे सरकते. ४७५ किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर असतो. म्हणजे धाराशिव ते तुळजापूर हे अंतर तीनएक सेकंदांत! अशा यानाने केवळ १० किलोमीटर खालची कक्षा धरली, तर दर फेरीला त्याची सुमारे १२ सेकंद बचत होते, आणि पुढच्या यानाशी असलेले अंतर दर फेरीत सुमारे ९४ किलोमीटरने कमी होते. घाई न करता हे साधून, १५ डिसेंबर १९६५ रोजी ‘जेमिनी-६’ आणि ‘जेमिनी-७’ ही याने एकमेकांपासून फूटभर अंतरापर्यंत आली.

भारतानेही हा डाव खेळला. ३० डिसेंबर २०२४ रोजी ‘स्पेडेक्स’ मोहिमेत सुमारे २२० किलोग्रॅमची दोन याने याच उंचीवर सोडण्यात आली. त्यांची जोडणी ७ जानेवारीला ठरली होती, ती पुढे ढकलली. ९ तारखेचीही ढकलली. १२ तारखेला ती तीन मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा दूर नेली. अखेर १६ जानेवारी २०२५ रोजी ती जोडली गेली आणि असे करणारा भारत हा चौथा देश ठरला. वर्तमानपत्रांतून ‘पुन्हा पुढे ढकलले’ असे वाचताना काहींना ते अपयश वाटले असेल. परंतु चिंचोके मोजून खेळणाऱ्याला त्यातले शहाणपण लगेच कळेल.

नवशिक्यासाठी चार शब्द

हा खेळ शिकताना सर्व नियम एकदम वापरू नका. पहिला दिवस सरळ रेषेला द्या, दुसरा वळणाला, तिसरा ग्रहाला. प्रत्येक पाळी खेळण्यापूर्वी पुढच्या तीन पाळ्यांतील वेग वहीच्या कडेला लिहा. यान हातचे गेले तर नवा डाव लगेच मांडू नका. कोणत्या पाळीला ते वाचवता आले असते, हे मागे जाऊन शोधा. बहुधा असे आढळेल, की डाव हरल्याचे कळले शेवटी, पण तो हरला गेला होता तिसऱ्या-चौथ्या पाळीलाच.

शिक्षकांनाही एक विनंती. ‘गतीचे नियम’ शिकवण्यापूर्वी एक तास हा खेळ वर्गात खेळू द्यावा. फळ्यावर नियम नंतर लिहावा. ज्या मुलाचे यान चिंचोके संपून वहीबाहेर गेले आहे, त्याला ‘चालतच राहते’ म्हणजे काय, हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

आता तुमच्यासाठी दोन कोडी. पहिले : मुक्काम २० चौकटींवर आहे. ४, ६ आणि ८ चिंचोके वापरून तेथे कमीत कमी किती पाळ्यांत पोहोचाल? (पडताळ्यासाठी उत्तरे अनुक्रमे ११, ९ आणि ८. प्रत्येक पाळीतील वेग मात्र तुम्ही लिहून काढा.) दुसरे : आपले यान ग्रहाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरले आणि ओढीच्या आठ बिंदूंपैकी (१, १) व (–१, –१) हे दोन कोपरे त्याने टाळले. काट्यांच्या दिशेने फिरणारी कक्षा शोधा. तिच्यात कोणते दोन कोपरे सुटतात?

काढा तर वही. आणि हो, चिंचोके दहाच घ्या, अकरावा नको!